दोघांकडेही दोन-दोन ऑक्सिजन, तरी एक रेणू सरळ आणि दुसरा वाकडा. साखर कारखान्यात सापडतं रेणूंच्या आकाराचं गणित

दिवाळी झाली की जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीकडे येणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसायला लागतात. कुठे बैलगाडी, कुठे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कुठे ट्रक. घनसावंगी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. गोदावरीचं खोरं, तालुक्यातून परभणीकडे जाणारा जायकवाडीचा डावा कालवा, त्यामुळे या पट्ट्यात ऊस आला आणि समर्थ सहकारी साखर कारखान्याचं दुसरं युनिटही इथेच उभं राहिलं.

गाळप सुरू झालं की कुठल्याही साखर कारखान्याची चिमणी धुरायला लागते. बॉयलरमध्ये उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस जळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांत आणखी एक वायू मुद्दाम तयार केला जातो. भट्टीत गंधक जाळायचं, त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड उसाच्या रसात सोडायचा. साखर पांढरी होते ती यामुळे.

आता दोघांची नावं बघा. कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. एकात मधोमध कार्बन, दुसऱ्यात मधोमध गंधक. बाकी दोघांकडेही ऑक्सिजनचे दोन-दोन अणू. कागदावर बघितलं तर सख्खे भाऊ वाटतात.

पण वागणं बघा. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडला, तर हवेच्या नेहमीच्या दाबाला जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. सल्फर डायऑक्साइड मात्र ९० ग्रॅमच्या वर विरघळतो. पहिला नाकाला कळतसुद्धा नाही. दुसऱ्याचा झोत आला तर डोळ्यांतून पाणी येतं आणि ठसका लागतो.

असं का? यामागे बरीच कारणं आहेत, पण त्यांची सुरुवात एका कोनापासून होते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू पट्टीसारखा सरळ आहे, १८० अंशांचा. सल्फर डायऑक्साइडचा रेणू मधोमध वाकलेला आहे, साधारण ११९ अंशांत.

या कोनाला म्हणतात बंधकोन. अकरावीच्या रसायनशास्त्रात तो येतो, सीईटी आणि नीटला त्यावर प्रश्न येतात, आणि बहुतेक पोरं १८०, १२०, १०९.५, १०७, १०४.५ असे आकडे पाढ्यासारखे पाठ करतात. खरं तर पाठ करायची गरजच नाही. एक साधा नियम कळला की हे आकडे का आले ते आपोआप समजतं.

नियम काय आहे? फुगे घ्या आणि बघा

अणू एकमेकांना धरून ठेवतात ते इलेक्ट्रॉनच्या जोड्यांनी. इलेक्ट्रॉन सगळे ऋण प्रभाराचे, त्यामुळे एका जोडीला दुसरी जोडी जवळ नको असते. मधल्या अणूभोवती जितक्या जोड्या असतील, तितक्या त्या एकमेकींपासून होईल तेवढ्या लांब जाऊन बसतात. नियम एवढाच.

घरी करून बघायचं असेल तर बाजारातून चार फुगे आणा. सारख्या आकाराचे फुगवा. दोन फुग्यांची तोंडं एकत्र बांधली तर ते समोरासमोर जातात, सरळ रेषेत. हा झाला १८० अंशांचा कोन. तिसरा बांधला की तिघं मिळून सपाट त्रिकोण करतात, प्रत्येकात १२० अंश.

चौथा बांधल्यावर मजा होते. कागदावर काढायला सांगितलं तर कुणीही अधिक चिन्हासारखी आकृती काढेल, ९० अंशांची. फुगे तसं करत नाहीत. ते कागद सोडून वरच्या मोकळ्या जागेत जातात, कारण तिथे जास्त लांब राहता येतं. तीन फुगे खाली पसरतात आणि एक वर जातो. कुठल्याही दोन फुग्यांमधला कोन साधारण १०९.५ अंश.

हा आकार तुम्ही बघितलेला आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हला समुद्राच्या लाटा थोपवायला चार पायांचे काँक्रीटचे मोठे ठोकळे टाकलेत, त्यांना टेट्रापॉड म्हणतात. कसाही टाकला तरी तीन पाय खाली आणि एक वर. रसायनशास्त्रात या आकाराला चतुष्फलक म्हणतात.

२२ वर्षांच्या पोराने सांगितलं, प्रोफेसरने टिंगल केली

कार्बनचे चार हात असे चार दिशांना पसरलेले असतात हे पहिल्यांदा १८७४ साली मांडलं गेलं. मांडणारे दोघं होते, हॉलंडचा याकोबस व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचा जोसेफ ले बेल. दोघांनी एकमेकांशी न बोलता, स्वतंत्रपणे हे सांगितलं. व्हान्ट हॉफचं वय तेव्हा २२ होतं.

रेणू बघायचं कुठलंही यंत्र त्या काळी नव्हतं. काही पदार्थांची द्रावणं प्रकाशाला डावीकडे वळवतात, काही उजवीकडे, आणि ते समजून घ्यायचं तर रेणू कागदासारखा सपाट मानून चालत नाही, एवढ्या एका धाग्यावरून त्यांनी हे ओळखलं होतं.

जर्मनीतले मोठे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी १८७७ मध्ये व्हान्ट हॉफची जाहीर टिंगल केली. तो तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात नोकरीला होता, म्हणून कोल्बेंनी टोमणा मारला की या तरुणाने कॉलेजातूनच पंखांचा घोडा उसना घेतलेला दिसतो.

पुढे १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक सुरू झालं. ते मिळालं व्हान्ट हॉफला, द्रावणांवरच्या दुसऱ्या कामासाठी. आणि १९१३ मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी हिरा तपासला, तेव्हा त्यातला प्रत्येक कार्बन खरोखरच चार शेजाऱ्यांना चतुष्फलकाच्या कोनात धरून बसलेला निघाला.

इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोजून आकार ओळखायची कल्पना १९४० मध्ये सिजविक आणि पॉवेल यांनी मांडली. १९५७ मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी तिला आजचं रूप दिलं. पुस्तकात व्हीएसईपीआर नावाने जो सिद्धांत आहे तो हाच.

गोबरगॅस, युरिया आणि कालव्याचं पाणी

हा नियम लावून बघायला तीर्थपुरीच्या शिवाराबाहेर जायची गरज नाही.

गोबरगॅसपासून सुरुवात करू. त्यातला जळणारा भाग म्हणजे मिथेन, एक कार्बन आणि चार हायड्रोजन. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत ४ इलेक्ट्रॉन. चारही चार हायड्रोजनना जोडण्यात खर्च झाले, शिल्लक शून्य. चार जोड्या, चार फुगे, कोन १०९.५ अंश. अगदी टेट्रापॉड.

आता युरिया. कापसाला किंवा उसाला टाकलेला युरिया जमिनीत फुटतो तेव्हा त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनियात एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. नायट्रोजनकडे बाहेरचे ५ इलेक्ट्रॉन. तीन खर्च झाले, दोन उरले. या उरलेल्या दोघांची एक जोडी होते, जिला कुणाशीच जोडलेलं नसतं. पुस्तकात हिला एकाकी जोडी म्हणतात.

एकाकी जोडी नावाला एकाकी, पण जागा सगळ्यात जास्त अडवते. बाकीच्या जोड्या दोन अणूंच्या ओढीत ताणलेल्या असतात, हिला एकच अणू धरून ठेवतो, म्हणून ती फुगून बसते. गर्दीच्या एसटीत एखादा माणूस पाय पसरून बसला की बाकीचे कसे आकसतात, तसंच. तिच्या दाबाने तीनही हायड्रोजन थोडे जवळ सरकतात आणि कोन १०९.५ वरून १०७ वर येतो. रेणूचा आकार होतो तिवईसारखा.

आणि पाणी. एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. ऑक्सिजनकडे ६ इलेक्ट्रॉन, दोन खर्च, चार शिल्लक. म्हणजे एकाकी जोड्या दोन. दोन पाय पसरून बसलेले प्रवासी आले, त्यामुळे कोन आणखी आकसला, १०४.५ अंश.

एकही एकाकी जोडी नाही तर १०९.५, एक असेल तर १०७, दोन असतील तर १०४.५. बाहेरचे इलेक्ट्रॉन किती, खर्च किती, शिल्लक किती, हा तोंडी हिशेब केला की क्रम लागतो.

अमोनियाच्या त्या एकाकी जोडीचा हिशेब शेतकऱ्याच्या खिशापर्यंत येतो. या जोडीमुळे अमोनिया पाण्याला चटकन धरतो आणि भरपूर विरघळतो. युरिया जमिनीवर उघडा पडून राहिला, तर तयार झालेला अमोनिया हवेत उडून जातो आणि खताचे पैसेही त्यासोबत जातात. युरिया मातीआड करावा किंवा टाकून लगेच पाणी द्यावं असं सांगतात ते यासाठीच. पाण्यासोबत युरिया मुळांकडे खाली जातो आणि अमोनिया ओलाव्यात अडकून राहतो.

आता परत कारखान्यात

त्या दोन भावांचा हिशेब आता लावता येतो.

कार्बनकडे ४ इलेक्ट्रॉन. दोन्ही ऑक्सिजनना दोन-दोन दिले, हिशेब संपला. एकाकी जोडी नाही. दोन बाजूंना दोन बंध, म्हणजे दोन फुगे. रेणू सरळ, १८० अंश.

गंधकाकडे ६ इलेक्ट्रॉन. दोन्ही ऑक्सिजनना दोन-दोन दिले तरी दोन उरले. एक एकाकी जोडी. म्हणजे दोन बंध आणि एक जोडी मिळून तीन फुगे, आकार त्रिकोणाचा. १२० अंशांतून एकाकी जोडीने थोडं आकसवलं की उरतात ११९.

आता रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही ऑक्सिजन अगदी विरुद्ध दिशांना सारखाच जोर लावतात. दोरीची गाठ जागची हलत नाही, त्यामुळे रेणूची कुठलीच बाजू एकूणात धन किंवा ऋण होत नाही. सल्फर डायऑक्साइडमध्ये दोन्ही संघ एकाच बाजूला तिरके उभे आहेत. त्यामुळे ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, गंधकाची बाजू थोडी धन. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात.

ध्रुवीय रेणू एकमेकांना जास्त घट्ट धरतात आणि पाण्याशीही त्यांचं जमतं, कारण पाणी स्वतः ध्रुवीय आहे. साध्या दाबाला सल्फर डायऑक्साइड उणे १० अंशांवरच द्रव होतो. कार्बन डायऑक्साइडला थंड करत नेलं तर तो द्रव न होता उणे ७८ अंशांना थेट गोठतो. त्यालाच आपण ड्राय आइस म्हणतो. अर्थात विरघळण्यातला सगळा फरक फक्त कोनामुळे पडत नाही. सल्फर डायऑक्साइड पाण्याशी अभिक्रियाही करतो, त्याने त्यात आणखी भर पडते.

कारखान्याला नेमकं हेच हवं असतं. उसाचा रस गरम करून त्यात चुन्याचं दूध मिसळतात आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात. तो रसातल्या पाण्यात विरघळतो, चुन्याशी अभिक्रिया करतो आणि कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो. साका खाली बसताना रसातला गाळ आणि रंगाचा काही भाग सोबत घेऊन जातो. पुढे घट्ट झालेल्या पाकातही हा वायू पुन्हा एकदा सोडतात. रेणूला वाकवणारं जे एकाकी जोडीचं टोक, त्याच गंधकाच्या टोकाने हा पदार्थ रंगाच्या रेणूंना पकडतो आणि त्यांचा रंग घालवतो.

हाच गुण कामगाराला महागात पडू शकतो. डोळे, नाक, घसा कायम ओले असतात. पाण्यात पटकन विरघळणारा वायू तिथेच विरघळतो, आम्ल तयार होतं आणि आग होते. म्हणून गंधकाच्या भट्टीजवळ मास्क आणि खेळती हवा लागते.

मग सरळ रेणूवाला कार्बन डायऑक्साइड सुरक्षित का? उलट तो वेगळ्या पद्धतीने धोकादायक आहे. मळी आंबवून इथेनॉल करतात तेव्हा १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जवळपास निम्मं वजन वायूचं. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही. टाकीच्या तळाशी किंवा बंद पडलेल्या विहिरीत तो साचला तरी उतरणाऱ्याला कळत नाही. सल्फर डायऑक्साइड ठसका देऊन निदान सावध तरी करतो. म्हणून अशा जागी आधी हवा खेळती करायची, वायू तपासायचा आणि एकट्याने कधीच उतरायचं नाही.

पाण्याचा रेणू सरळ असता तर?

पाण्याचा रेणू कार्बन डायऑक्साइडसारखा सरळ असता, तर त्याच्या दोन्ही बाजूंची ओढ एकमेकांना खोडून गेली असती. मग साखर पाण्यात अशी विरघळली नसती. आज खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे २ किलो साखर विरघळते. उसाच्या कांड्यात गोडवा साठतो तो पाण्यात विरघळूनच.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ऑक्सिजनच्या कुळातली इतर मूलद्रव्यं घ्या आणि प्रत्येकाला दोन हायड्रोजन जोडा. टेल्युरियमचं संयुग उणे २ अंशांना उकळतं, सेलेनियमचं उणे ४१ ला, गंधकाचं उणे ६० ला. रेणू हलका होत जातो तसा उत्कलनबिंदू खाली येतो. या हिशेबाने सगळ्यात हलकं असलेलं पाणी त्याहून खाली उकळायला हवं होतं. ते उकळतं १०० अंशांना.

कारण पाण्याच्या रेणूची हायड्रोजनवाली बाजू शेजारच्या रेणूच्या एकाकी जोडीला धरते. याला हायड्रोजन बंध म्हणतात. दोन हायड्रोजन एका बाजूला, दोन एकाकी जोड्या दुसऱ्या बाजूला, त्यामुळे प्रत्येक रेणू चौघांचा हात धरू शकतो. यात नुसता वाकडा कोन पुरेसा नाही, ऑक्सिजनची जबरदस्त ओढही लागते. गंधकाचं संयुग, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, वाकडाच आहे, पण गंधकाची ओढ कमी पडते म्हणून तो वायूच राहतो.

रेणूंनी असे हात धरलेले असल्यामुळे त्यांना सोडवायला खूप उष्णता लागते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल. १०० किलो रसाचा घट्ट पाक करायचा तर जवळपास ७५ किलो पाणी उडवावं लागतं, म्हणून कारखान्याचा एवढा बगॅस जळतो. आणि याच कारणाने मराठवाड्याच्या उन्हातही जायकवाडीचं पाणी एका आठवड्यात नाहीसं होत नाही. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी जातं, पण प्रत्येक लिटरमागे सूर्याला मोठी किंमत मोजावी लागते.

सरळ रेणू वाकतो तेव्हा

कार्बन डायऑक्साइड सरळ आहे, पण तो काठीसारखा ताठ नसतो. रेणू सतत थरथरत असतात. या थरथरीत कार्बन डायऑक्साइड क्षणभर वाकतो, परत सरळ होतो, दुसरीकडे वाकतो. वाकतो त्या क्षणी रस्सीखेचीचा तोल जातो आणि त्याला उष्णतेच्या लहरी पकडता येतात, विशेषतः १५ मायक्रोमीटरच्या आसपासच्या. तापलेली जमीन आकाशाकडे जी उष्णता फेकते, त्यात नेमक्या याच लहरी भरपूर असतात.

हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन सारख्या अणूंचे रेणू. दोनच अणू असल्यावर वाकायला जागाच नाही. म्हणून हवेचा जवळपास ९९ टक्के भाग ही उष्णता तशीच जाऊ देतो आणि अगदी थोडासा कार्बन डायऑक्साइड ती अडवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये तो साधारण २८० होता, आज ४२० च्या पुढे गेलाय.

बगॅसच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड उसाने नुकताच हवेतून घेतलेला असतो, तो फिरून हवेत जातो. खरी भर पडते ती कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कोळसा, डिझेल आणि पेट्रोल जाळल्याने.

एकाकी जोडी दिसते का?

इथवर सगळा हिशेब एका न दिसणाऱ्या जोडीवर चालला. ती खरंच तिथे असते का? या प्रश्नावर पुण्यात मोठं काम झालंय. पुणे विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे यांनी रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचे नकाशे गणिताने काढायची पद्धत विकसित केली. डोंगरदऱ्यांचा नकाशा असावा तसा हा नकाशा असतो. जिथे एकाकी जोडी, तिथे ऋण विभवाची खोल दरी. दुसरा रेणू कुठून येऊन चिकटेल तेही या दऱ्यांवरून सांगता येतं. गद्रे यांना १९९३ साली शांतीस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

फुग्यांचा नियम सगळीकडे चालतो असं नाही. हायड्रोजन सल्फाइडकडेही पाण्यासारख्याच दोन एकाकी जोड्या आहेत, पण त्याचा कोन १०४ च्या आसपास नाही, थेट ९२ अंश आहे. गंधकाचा अणू मोठा, हायड्रोजन लांब, त्यामुळे त्यांना एकमेकांची फारशी अडचण होत नाही. नियम सांगतो की रेणू वाकेल. नेमका किती वाकेल ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं किंवा गद्रे यांच्यासारख्यांच्या गणितातून काढावं लागतं.

त्यामुळे अकरावीच्या पोरांनी आकड्यांचा पाढा म्हणण्याआधी फक्त तीन गोष्टी विचारायच्या. मधल्या अणूकडे बाहेरचे इलेक्ट्रॉन किती, खर्च किती, शिल्लक किती. शिल्लक शून्य म्हणून चिमणीतला वायू सरळ, शिल्लक दोन म्हणून गंधकाचा वायू वाकडा, आणि शिल्लक चार म्हणून कालव्यात वाहतं ते पाणी.